ऐकवणाऱ्या बाई

आमच्या बाईंकडे बातमी लिहून नेली की त्या स्क्रीनकडे बघतच नसत. खुर्चीत मागे रेलत, डोळे मिटत आणि विचारत, “ऐकवलं का?”

ज्याच्यावर लिहिलंय त्याला अख्खी बातमी फोनवरून वाचून दाखवायची, त्यानं ‘लावा’ म्हटलं की मगच ती पोर्टलवर लावायची, असा बाईंचा नियम होता. पेपरातले जुने सहकारी त्यांची थट्टा करत. “बाई, बातमी आहे की साखरपुडा? समोरच्याची पसंती कशाला विचारताय?” बाई शांतपणे म्हणत, “पसंती विचारत नाही. त्याचं चुकलं असेल तर ते लिहिणारच आहे. पण जे जगाला सांगणार, ते आधी त्याच्या तोंडावर वाचायची आपली छाती आहे का, एवढंच बघते.” साताऱ्यात त्यांना मागून सगळे ‘ऐकवाबाई’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

आमचं पोर्टल लहान होतं. कोरेगाव रस्त्याला टायरच्या दुकानावर दोन खोल्या, खाली सतत हवा भरण्याचा आवाज. पोर्टलचं नाव ‘तालीम आणि तळ’. तालीम कुस्तीगिरांची, तळ मेंढपाळांचा. बाई मूळच्या सांगलीच्या, गावभागातल्या. एका दैनिकात बरीच वर्षं क्रीडापानावर बसून आलेल्या. तिथं असताना त्यांना अमेरिकेतल्या काळ्या पत्रकारांनी चालवलेल्या वेबसाइट वाचायचा नाद लागला. खेळाडू आणि त्या खेळाडूच्या घरातलं गाणं, जेवण, देव, भांडणं, सगळं एकाच ठिकाणी, आणि लिहिणारे घरचेच. बाई म्हणत, “आपल्याकडे मैदानात माण-खटाव-जतची पोरं दिसतात. त्यांच्या घरात मात्र फक्त कॅमेरा जातो, तोही भंडारा उधळायच्या दिवशी.” म्हणून त्यांनी हे पोर्टल काढलं, आणि घरचा लिहिणारा म्हणून मला धरलं. मी माणच्या पूर्वेकडच्या एका वाडीचा, धनगराचा. एका पेपरला तालुक्याच्या बातम्या पुरवत होतो. बाईंनी मला बोलावलं तेव्हा मी चाळिशीला आलो होतो, आणि आपण लिहू शकतो हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

ऐकवण्याचे किस्से पुष्कळ. वाईकडच्या एका म्हाताऱ्या वस्तादांवर मी लिहिलं होतं. त्यांच्या जवानीतल्या एका गाजलेल्या हरलेल्या कुस्तीबद्दल ‘प्रतिस्पर्ध्याने त्यांना आसमान दाखवले’ असं एक वाक्य होतं. वस्तादांनी चहाच्या टपरीवर फोन स्पीकरवर टाकलेला. मी वाचतोय आणि अख्खी टपरी ऐकतेय.

“थांबा!” वस्ताद गरजले. “आसमान कुणी बघितलं? कुस्ती गुणांवर गेली. माझी पाठ आजवर मातीला लागली न्हाई, आन तुमी साताऱ्यात बसून लावताय व्हय?”

मागून कुणीतरी बोललं, “आवं वस्ताद, पाठ नसंल लागली, पर नाक तर घासलं हुतं!”

टपरी हसली. बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, “वस्ताद, नाक घासलं ते लिहू का?”

पलीकडून बशीतला चहा ओढल्याचा आवाज आला. मग वस्ताद म्हणाले, “लिवा. खरं हाय ते.”

तसं लिहिलं. ती कुस्ती आमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस वाचली गेली.

विशेषणांशी बाईंचं वैर होतं. ‘रांगडा’, ‘काटक’, ‘निरागस’, ‘भोळाभाबडा’ हे शब्द दिसले की त्यांचा चेहरा आंबट होई. पण त्यांचा खरा राग एका वाक्यावर होता. माझ्या पहिल्याच बातमीत ते होतं. एका धावपटू पोराबद्दल मी लिहिलं होतं की ‘मेंढरांमागे धावता धावता त्याच्या पायात वेग आला.’ सगळे तसंच लिहितात, म्हणून मीही लिहिलं.

“महादेव, तुझे वडील मेंढरांमागं धावायचे?” बाईंनी विचारलं.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

“फोन लाव.”

मी तात्यांना फोन लावला. बाईंनी वाक्य वाचून दाखवलं. तात्या पलीकडून म्हणाले, “मेंढरामागं पळतंय व्हय कुणी? कळप बुजंल की. मेंढरामागं चालायचं असतंय. कुणी लिवलंय ह्ये येडपटानं?”

“तुमच्याच मुलानं.”

“मग शिकून येडं झालंय.”

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. मग एकदम गंभीर झाल्या. “पुण्याचं पोरगं पहिलं आलं की त्याची मेहनत. आपलं आलं की मेंढरं. म्हणजे पदक मेंढरांना द्यायचं? त्या अमेरिकेतल्या काळ्या पोरांबद्दलही हेच लिहितात, रक्तातच वेग आहे म्हणे. रक्तात आहे म्हटलं की घामाचं नाव घ्यायला नको.” ते वाक्य मी खोडलं आणि ते पोरगं पहाटे कुठं पळतं, कुठले बूट घालतं, कोण शिकवतं, हे विचारायला पुन्हा माणला गेलो. जन्मानं मी त्या माळावरचा, पण माझ्याच माणसांकडे नीट बघायला मला सांगलीच्या बाईंनी शिकवलं. हे मी आजही नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर पुढचं सोपं झालं असतं.

त्यांच्या टेबलाच्या खणात भडंगाचा पत्र्याचा डबा असे. सांगलीहून येताना भरून आणत. लेखाचं कौतुक बाई तोंडानं कधी करत नसत. लेख जमला की खण उघडायचा आणि डबा टेबलावरून आपल्या दिशेला सरकायचा. त्या डब्याच्या करकर आवाजासाठी मी एकेक परिच्छेद चारचारदा लिहिलेला आहे.

आक्काची आणि बाईंची ओळख मीच करून दिली. आक्का माझी चुलतबहीण, माझ्याहून थोरली. आमच्याच शेजारच्या वाडीत दिलेली. नवरा गेल्यावर कळप तिनंच सांभाळला. ती ओव्या गाते, म्हणजे तिच्या सासऱ्याच्या तोंडच्या ओव्या तिला पाठ आहेत. आमच्यात बायका सहसा चारचौघांत गात नाहीत, ती गाते. तिच्यावर लिहायचं म्हणून बाईंना घेऊन गेलो. आक्कानं घोंगडं अंथरलं. बाईंनी आधी विचारलं, “यावर मी बसलं तर चालतं का?” घोंगड्यावर बसायच्या आधी असं विचारणारं शहरातलं माणूस आक्कानं पहिल्यांदाच पाहिलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “म्हादबा, ह्यास्नी कळतंय रं.”

लेख झाल्यावर तो बाईंनी स्वतः आक्काला फोनवरून वाचून दाखवला. आक्का मध्ये मध्ये थांबवायची. “त्ये तसं न्हाई बाई, आधी देवाचं नाव येतंय, मग राजाचं.” बाई दुरुस्त करून पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या. शेवटी आक्का म्हणाली, “माझंच मला नवं वाटलं बघा. लावा.” त्यानंतर वाडीत कुणीही पेपरवाला, चॅनेलवाला आला की आक्का सांगे, “आधी आमच्या बाईस्नी विचारा. बाई खोटं बोलत न्हाईत.” तिच्या शब्दावर आजूबाजूच्या वाड्यांनी आम्हाला दारं उघडली. गजी नाचणाऱ्यांनी, जत्रेत ढोल वाजवणाऱ्यांनी, पैलवानांनी, पळणाऱ्या पोरींनी. ती दारं बाईंना उघडली असं लोक म्हणत. खरं तर ती माझ्या चेहऱ्याकडे बघून उघडली होती, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग पुण्याचे भागीदार आले. आमचं चालत नव्हतं हे खरं. त्यांनी चांगल्या खुर्च्या आणल्या आणि भिंतीवर एक मोठा टीव्ही लावला. या क्षणी किती लोक काय वाचतायत ते त्यावर सतत दिसायचं. बाईंनी पहिल्या दिवशी त्यावर आपला टॉवेल टाकला. “मापटं समोर ठेवून कुणी जेवत नाही,” म्हणाल्या. भागीदार हसले. पुढं टॉवेल कधी धुवायला गेला आणि परत आला नाही, ते मला सांगता येणार नाही. मी एकदा सहज वर पाहिलं तर बाई त्या आकड्यांकडे बघत होत्या. पाऊस येईल का म्हणून माणूस ढगाकडे बघतो तशा. मी मान खाली घातली. आपल्या माणसाला अशा वेळी पाहू नये, असं मला वाटलं.

आक्काची पोरगी काजल. मला मामा म्हणते. सांगलीला एका अकादमीत राहून पळायची. लांब पल्ल्याच्या राज्य स्पर्धेत ती पहिल्या तिघींत येईल असं तिचे सर सांगत होते. त्या स्पर्धेत ती निम्म्यावर कोसळली. शहरातल्या साइटनी ‘ऐनवेळी कच खाल्ली’ असं लिहून टाकलं. मी फोन केला तेव्हा काजल रडत नव्हती. म्हणाली, “मामा, तुमालाच सांगते. कुणाला सांगू नका.”

आक्कानं बिरोबाला नवस बोलला होता. पोरगी पळून येईपर्यंत मायलेकी दोघींच्याही तोंडात घास जाणार नाही. नवस तसा साधाच. सकाळी उजाडल्यावर शर्यत, ऊन वर यायच्या आत संपते, मग जेवायचं. पोरीनं याआधी लहान स्पर्धांना असं केलेलं होतं. पण त्या दिवशी झेंडा दाखवायला एक मोठे पाहुणे येणार होते. पाहुणे आले नाहीत. पोरींना पट्ट्यापाशी उभं करून ठेवलं. भाषणाचा माईक तपासून झाला, हार सुकले, आणि भर दुपारी, डांबर मऊ झाल्यावर, पाहुणे आले आणि शर्यत सुटली. सगळ्याच पोरींचे हाल झाले. काजल आदल्या रात्रीपासून उपाशी होती.

“सरांना का सांगितलं नाहीस गं?”

“आईला नावं ठेवली असती मामा. अडाणी म्हणले असते.”

मी बातमी लिहिली ती पाहुण्यांच्या उशिराची. कुठल्या पोरींना दवाखान्यात न्यावं लागलं, पाणी कुठं संपलं, सगळं नावानिशी. नवसाचं त्यात काही नव्हतं. पण बाईंना मी ते सांगितलं. कशासाठी? आजही नीट सांगता येत नाही. ती बातमी माझ्यासाठी का इतकी दुखरी आहे हे त्यांना कळावं, एवढंच असेल. भडंगाचा डबा मध्ये होता. मी म्हणालो, “बाई, हे छापायला नाही. हे आपल्या दोघांत.” त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “असं सांगावं लागतं का रे?”

ती बातमीही बाईंनीच आक्काला वाचून दाखवली. मी समोर बसलो होतो. आक्का शेवटपर्यंत गप्प ऐकत होती. मग म्हणाली, “पाव्हण्याचं लिवलंसा त्ये बरं केलंसा. माझ्या पोरीनं कच खाल्ली न्हवती. लावा बाई.” बाई मला म्हणाल्या, “तू नीघ, मी लावते.” मला वाईला कबड्डीच्या सामन्यांना जायचं होतं. मी निघालो.

वाईच्या स्टँडवर उतरलो तोवर फोन सारखा थरथरत होता. बातमी लागली होती. वर मथळा: ‘आईच्या नवसानं लेकीला पाडलं’. खाली आक्काचा जुना फोटो, ओव्यांच्या लेखासाठी काढलेला, पण त्या वेळी बाईंनी स्वतःच नाकारलेला. कपाळभर भंडारा, डोळे मिटलेले, तोंड उघडं. ‘पिवळं पुरे झालं’ म्हणून नाकारला होता. आता तोच होता. पहिले तीन परिच्छेद उपासाचे, बिरोबाचे, अंधश्रद्धेचे. पाहुण्यांचा उशीर शेवटच्या ओळीत, ‘स्पर्धाही काहीशी विलंबाने सुरू झाली’ असा.

मी पुन्हा पुन्हा वाचून काढलं. खोटं वाक्य सापडावं म्हणून वाचत होतो. एकही नव्हतं. बाईंचंच काम ते. प्रत्येक शब्द तपासलेला होता.

सामना न बघता परत आलो. खाली टायरवाला म्हणाला, “सर, आज वर लय गडबड हाय. पेढं आलं.” वर पुण्याच्या माणसांनी खरंच पेढे पाठवले होते. भिंतीवरचा आकडा कधी नव्हे तो धावत होता. बाई आपल्या जागी होत्या.

“आक्काला ऐकवलेलं हे नव्हतं,” मी म्हणालो.

“माहीत आहे.”

“मग?”

“सोमवारी पुण्याचे लोक कुलूप लावणार होते, महादेव. तू, हिशेब बघणारी छाया, दोघी डेस्कवरच्या पोरी. मला एक बातमी चालायला हवी होती. एकच.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “खोटं काही लिहिलेलं नाही.”

मी समोरचा पेढ्यांचा खोका बाजूला सारला. तेव्हा त्यांनी ते सांगितलं. आवाज अगदी नेहमीचा.

“आक्कांचा फोन आला होता. हे कुणी सांगितलं म्हणून विचारत होत्या.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काजलनं, म्हटलं.”

खाली कुणाच्या तरी टायरमधली हवा सुटली. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

“तुझं घर त्या वाडीला लागून आहे,” बाई म्हणाल्या. “भाऊबंद आहेत, वडील आहेत. तुला तिथं जायचंय, बसायचंय. पोरगी आज इथं, उद्या नोकरीला लागेल, लग्न होऊन जाईल. आई आहे ती, चार दिवस रागावेल, विसरेल. आपला माणूस जपायचा असतो, महादेव. तुला मी कसं उघडं पाडू?”

मग त्यांनी खण उघडला. डबा माझ्याकडे सरकवला.

मी मूठभर भडंग घेतले. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ओरडलो असतो, उठून गेलो असतो, निदान हात तरी मागे ठेवला असता. मी खाल्ले. कारण त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं: आक्काला माझं नाव कळलेलं नाही.

पुढचं लवकर घडलं. चॅनेलवाले आले. सुनावायला आले ते वेगळेच. बाजारात एक बाई आक्काला म्हणाली, “काय गं, पोरीला उपाशी ठेवून देव पावला का?” आक्कानं ओव्या गाणं बंद केलं. पण ते सगळं तिनं सोसलं असतं. घरातलं घरात राहिलं नाही आणि ते पोटच्या पोरीनं बाहेर नेलं, हे तिला सोसलं नाही. काजलनं शपथा घेतल्या, की मी बाईंशी बोललेच नाही. आक्का एवढंच म्हणाली, “बाई खोटं बोलत न्हाईत.” आणि मायलेकींचं बोलणं थांबलं.

मी याचा जितका विचार करतो तितकं ते जास्त टोचतं. बाईंनी खरेपणाची एक-एक वीट आमच्या माळावर रचली होती. आक्कानं दुसऱ्या कुणाच्या तोंडचं ऐकून पोरीवर अविश्वास दाखवला नसता. बाईंनी सांगितलं म्हणून दाखवला. दुसऱ्या एखाद्या फालतू साइटनं हे केलं असतं तर आक्कानं दोन शिव्या दिल्या असत्या आणि पोरीला जवळ घेतलं असतं. इतकं चांगलं काम करणारा माणूस एकदा खोटं बोलला की ते असं बसतं.

काजलला अर्थात सगळं ठाऊक होतं. तिनं सांगितलेलं एकाच माणसाला. तिनं मला एकदाच फोन केला. “मामा, मी तुमचं नाव घेतलं न्हाई. तुमच्या तोंडनं तुमीच सांगा आईला.”

“सांगतो,” मी म्हणालो.

नाही सांगितलं. वाडीला गेलो की आक्काच्या दारावरून न जाता ओढ्याकडून जायचो. काजलनं पळणं सोडलं. सुट्टीला ती घरी येईनाशी झाली, मैत्रिणीकडे जायची. मला हे कळत होतं आणि मी महिन्यामागून महिने बाईंवर रागावून काढले. फसवलं त्यांनी, हे अगदी खरं. पण त्या रागाच्या सावलीत मला बरी जागा मिळाली होती.

पोर्टल शेवटी वाचलं नाहीच. पुण्याच्या लोकांनी नाव तेवढं ठेवलं आणि सामन्यांचे अंदाज सांगणारं काहीतरी त्यावर सुरू केलं. तालीम नाही, तळ नाही. बाईंनी एका दुपारी टेबल आवरलं. मी चार्जरची वायर गुंडाळून दिली. जिन्यात त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “तू चांगलं लिहितोस. थांबू नकोस.” इतक्या वर्षांत त्यांनी तोंडानं केलेलं हे पहिलं कौतुक. मला ते हवं होतं आणि नको होतं. मी “बरं” म्हणालो. बाई सांगलीला गेल्या.

आता त्या कॉलेजांतून व्याख्यानं देतात. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर कराडच्या एका कॉलेजात त्यांचं व्याख्यान होतं. मी गेलो, शेवटच्या रांगेत बसलो. केस पूर्ण पांढरे झालेत, आवाज तसाच. विषय इंटरनेटवरच्या खेळ-पत्रकारितेचा. वस्तादांचं नाक, माझ्या तात्यांचा कळप, सगळं त्यांनी सांगितलं आणि पोरं खदाखदा हसली. मीही हसलो. त्या इतकं सुंदर सांगत होत्या की मी काही क्षण सगळं विसरलो होतो. मग एका मुलीनं उठून विचारलं, “मॅडम, न ऐकवता कधी बातमी लावलीत का?”

बाईंनी मला पाहिलं होतं का? मला वाटतं, पाहिलं होतं.

“एकदाही नाही,” त्या म्हणाल्या.

म्हटलं तर हेही खोटं नव्हतं. आक्काला एक बातमी ऐकवली होतीच. टाळ्या झाल्या. मी उठलो नाही, बोललो नाही. बाहेर आलो तेव्हा मात्र पहिल्यांदा एक गोष्ट लख्ख दिसली. मी याच माणसाच्या हाताखाली तयार झालोय. खोटं न बोलता गप्प बसायचं कसं, हे मलाही उत्तम येतं. पोरगी मला सांगून गेली होती, तुमच्या तोंडानं सांगा म्हणून. बाईंनी काय केलं याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

आक्काचा कळप त्या दिवसांत कराडलगतच्या मलकापूरच्या बाजूला असतो. ऊस तुटून गेलेल्या रानात खतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतात. मी तिथूनच चालत गेलो. आक्का तळावर चुलीपाशी होती. बाजरीची भाकरी थापत होती. मला बघून म्हणाली, “म्हादबा? वाट चुकलास व्हय रं?”

मी उभ्या उभ्या सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं. काजल माझ्याशी बोलली, मी बाईंशी बोललो, काजलनं बाईंना एक शब्दही सांगितला नव्हता. माझं नाव राखायला बाईंनी तिचं घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं.

आक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. मग थोड्या वेळानं म्हणाली, “तू न्हाई त्ये बोललास, त्ये ठीक. तू घरचा. घरचंच मानूस भाइर बोलतंय.” तिनं पिठाचा हात पदराला पुसला. “पर बाई? बाईंनी मला तोंडावर सांगितलं रं. पोरीच्या शपथा एकीकडं आन बाईंचा शबुद एकीकडं ठिवला मी.”

तिनं चुलीत एक काटकी सारली.

“वाचायच्या मातर लय ग्वाड,” ती म्हणाली. स्वतःशीच. त्यात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणून मला तिथं उभं राहवेना.

तिनं पिशवीतनं फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही. स्पीकर लावायची तिला सवय आहे, तसाच लावला. रिंग बराच वेळ वाजली. पलीकडून कुणी उचललं, पण आवाज आला नाही.

“काजल,” आक्का म्हणाली. “जेवलीस का गं?”

 “तू?” काजलनं विचारलं.

“भाकरी थापतीय. अजून न्हाई.”

“मग जेव की.”

“जेवते. तू बोल.”

आक्का फोन घेऊन पलीकडं, मेंढरांच्या कडेला गेली. मी चुलीपाशी थांबलो. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती उतरवून दुरडीत ठेवली. ती परत आली तेव्हा डोळे लाल होते. माझ्याकडं एकदा बघितलं, दुरडीतली भाकरी घेतली, तिच्यावर मिरचीचा ठेचा घातला, आणि माझ्याकडं पाठ करून खायला बसली.

धनगराच्या तळावर आलेला परका वाटसरूसुद्धा भाकरी खाल्ल्याशिवाय उठत नाही. आक्कानं मला जेव म्हटलं नाही. मी तिची भाकरी संपेपर्यंत थांबलो, मग चपला घातल्या आणि हायवेकडं चालू लागलो.